छोट्या लिंकचा मोठा शहाणपणा

उभा राहा म्हणत नाही, आता तू माझ्या वर्गात नाहीस. पण आलाच आहेस तर पुरतं ऐकून जा. आपल्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखाखाली तू ती रंगीत बटणं लावलीस, व्हॉट्सॲप, फेसबुक, एक्स, इथवर ठीक होतं. पण बटण दाबलं की लेखाचा खरा पत्ता जातच नाही. जाते ती तुझ्या फुकटच्या खात्यात घडवलेली, मंडळाच्या नावाचं शेपूट लावलेली छोटी लिंक. हे करायला कुणी सांगितलं होतं? कार्यकारिणीने? सचिवांनी? की 'सगळेच करतात' या थोर गृहस्थाने, ज्याचं नाव तू दहावीपासून दर चुकीच्या वेळी पुढे करत आला आहेस?

"पत्ता फार लांब दिसतो, सर." हे तुझं पहिलं उत्तर. का लांब दिसतो, हे शोधायची तसदी घेतलीस? नाही. औषध आधी, रोग मागाहून. मग मीच सांगतो. लेखाचं देवनागरी शीर्षक तू जसंच्या तसं पत्त्यात घातलं आहेस. ब्राउझरच्या पट्टीत ते छान मराठी दिसतं, पण नक्कल करून संदेशात चिकटवलं की टक्क्यांची रांग लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट लिहायचा तो टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं किंवा आकडे असा. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. 'उतई' हे आपलं तीन अक्षरी गाव तिथे २७ जागा अडवतं. तू माधवराव सप्र्यांवर लेख टाकलास, चांगलं केलंस. मराठी घरातल्या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढून इथल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घातला, हे आपल्या पोरांना कळायलाच हवं. पण 'माधवराव सप्रे' या नावात काने, मात्रा आणि तो पाय मोडलेला प धरून १२ चिन्हं होतात. त्यांच्या १०८ जागा, मधली रेघ वेगळी.

तर हा दोष पत्ता ठरवतानाचा आहे, पाठवतानाचा नव्हे. लेख चढवताना पत्त्याची चौकट तुझ्यासमोर येते. तिथे रोमन लिपीत चार-पाच अक्षरांचं नाव घातलं असतंस किंवा लेखाला नुसता क्रमांक दिला असतास, तर पत्ता जन्मतःच आखूड झाला असता. शीर्षक मराठीतच राहिलं असतं, लेख मराठीतच राहिला असता, कुणाची अस्मिता दुखावली नसती. अस्मितेची फारच हौस असेल तर .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आहे. मंडळाच्या सभेत विषय ठेव, मी अनुमोदन देईन.

आणि आखूड कुणासाठी करायचं होतं? बटण दाबून जाणारा पत्ता कुणी हाताने लिहितो का? कुणी फोनवर अक्षर अक्षर सांगतो का? एक बोट लागतं आणि तो जातो. लांबी दहा असो की दोनशे, बोटाला तेवढेच कष्ट. लिंक आखडण्याची गरज एके काळी खरी होती, नाही असं नाही. २००२ साली केव्हिन गिल्बर्टसन नावाच्या माणसाने टायनीयूआरएल सुरू केलं तेव्हा लांब पत्ते ई-मेलच्या ओळीत मध्येच तुटायचे आणि उघडायचे नाहीत. पुढे ट्विटर आलं, १४० अक्षरांत सगळं बसवायचं, तेव्हा बिट.ली घरोघर पोचलं. पण ट्विटरने स्वतःच टी.को काढलं त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तिथे कुठलीही लिंक, एवढीशी असो की वावभर, २३ अक्षरंच मोजली जाते. म्हणजे तू आखडलेल्या लिंकवर ते आपलं आणखी एक वेष्टन चढवतात, आणि वाचकाला एकाऐवजी दोन वळणं घेऊन लेखापर्यंत यावं लागतं. व्हॉट्सॲपवर तर जागेची टंचाई कधी नव्हतीच. तिथे लोक सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांसकट अख्खं पान पाठवतात. तू वाचवलेल्या त्या शंभर जागांचं पुढे काय झालं, ते एकदा मला सांग.

नाही सांगता येणार. कारण जागा वाचवण्यासाठी तू हे केलंच नव्हतं. तुला आकडे हवे होते. कुठली लिंक किती जणांनी दाबली, किती वाजता, कुठल्या शहरातून, याचा निळा आलेख त्या सेवेच्या पानावर दिसतो. तो तू कार्यकारिणीच्या बैठकीत भिंतीवर दाखवलास आणि ज्येष्ठांनी माना डोलावल्या. मी मागच्या खुर्चीत होतो. त्या आकड्यांत माणसं किती आणि यंत्रं किती, हे कुणी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. लिंक पाठवली की संदेशातलं ते चित्र-मथळ्याचं कार्ड बनवायला यंत्रं आपणहून ती उघडून पाहतात. काही मोजणाऱ्या सेवा अशी उघडणी वगळतात, काही नाही. तुझी कुठल्या जातीची, हे तरी ठाऊक आहे का? लेख किती वाचले गेले हे कळायला आपल्या सर्व्हरची नोंदवही आहे. ती तू उघडलीस तरी का एकदा? ती रंगीत नाही, म्हणून नसशील उघडली.

म्हणजे मोजता यावं म्हणून तू पत्ता लपवलास. माझा राग आहे तो याच्यावर.

आपले वाचक कोण, याचा विचार कर. १९५९ साली भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली, त्या सुमाराला आणि त्यानंतर नागपूर-विदर्भाकडून कारखान्यात नोकरीला आलेली मराठी घरं आहेत ही. निवृत्त होऊन कुणी रिसालीत राहिलं, कुणी मरोद्याकडे, कुणी इकडे उतईला सीआयएसएफच्या प्रशिक्षण केंद्राच्या आसपास. सत्तरी-ऐंशीची माणसं. बँकेचं खातं मोबाइलमध्ये, मुलगा पुण्याला नाहीतर परदेशात. त्यांना आपण सभागृहात बसवून काय शिकवलं? "कुठे नेणार ते दिसत नाही अशा लिंकला हात लावू नका. वीज तोडतो म्हणून आलेली लिंक, केवायसी संपलं म्हणून आलेली लिंक, सगळ्या छोट्या असतात, आतला पत्ता झाकलेला असतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा." तू स्वतः माइक धरून उभा होतास त्या दिवशी. आणि त्याच आजी-आजोबांना मंडळाकडून, गणपतीच्या चित्रासकट, काय जातं? आतला पत्ता झाकलेली छोटी लिंक! शिकवलेलं पुसायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही. पुढच्या वेळी भामट्याने मंडळाच्या नावाचं असंच शेपूट लावून लिंक पाठवली तर ती आजी खरी-खोटी कशावरून ओळखणार? शेपूट तर कुणीही लावू शकतं. त्या सेवेवर तुझ्यासारखंच फुकट खातं उघडायचं, पाहिजे ते नाव लिहायचं, आधी कुणी घेतलेलं नसलं की झालं.

हा धोका सरकारच्याही ध्यानात आला. आधी नोंदवून मान्य करून न घेतलेली लिंक असेल तर व्यावसायिक एसएमएस पुढे जाऊ द्यायचा नाही, असा दूरसंचार नियामक ट्रायचा आदेश १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. व्हॉट्सॲपला तो लागू नाही, ठीक आहे. पण आदेश का काढावा लागला, हे समजण्यापुरती अक्कल तर तुला लागू होते.

आता दुसरी गोष्ट, मालकीची. घरी येणाऱ्या पाहुण्याला तू आपला पत्ता देत नाहीस. दुर्ग स्टेशनसमोरच्या अनोळखी पानवाल्याचा देतोस आणि म्हणतोस, "त्याला विचारा, तो सांगेल पुढचं." पानवाला भला आहे तोवर पाहुणा पोचेल. त्याने दुकान हलवलं म्हणजे?

दुकानं हलतात. लहानसहान नव्हे, गूगलचंही हललं. त्यांचं लिंक आखडणारं गू.जीएल २००९ च्या डिसेंबरात आलं, पुढच्या वर्षी सगळ्यांना खुलं झालं. लोकांनी विश्वासाने पुस्तकांत छापलं, फलकांवर रंगवलं, शोधनिबंधांच्या तळटीपांत टाकलं. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं, आता पुरे. २०१९ पासून नवी लिंक बनेना. २०२४ च्या जुलैत सांगितलं, २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्याही उघडणार नाहीत. ओरड झाली, तेव्हा अगदी तोंडावर, १ ऑगस्ट २०२५ ला, थोडी माघार घेतली: ज्या वापरात आहेत त्या राहतील, ज्या पडून होत्या त्या जातील. पडून असलेल्या म्हणजे कुठल्या, कळलं का? सात वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेत छापलेली, वर्षातून एखादाच माणूस उघडणारी लिंक ही पडूनच असते. तिचा वाचक सावकाश येणारा, म्हणून तिलाच मूठमाती! गूगलच्याच फायरबेस नावाच्या दुसऱ्या सेवेची लिंक बनवण्याची सोयही त्याच ऑगस्टात बंद झाली. हे सगळं फुकट होतं हे विसरू नकोस. फुकट देणाऱ्याने दार लावलं तर तक्रार कुठल्या खिडकीवर करशील?

नावातही धोका असतो. बिट.लीच्या शेवटी ते 'ली' आहे ना, ती लिबिया देशाची खूण. २०१० साली तिथल्या नोंदणी कार्यालयाने व्हीबी.ली नावाची एक छोटी लिंकसेवा आपल्या कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतली. मालकीणबाई अमेरिकेत, निर्णय त्रिपोलीत. बिट.ली त्यातून सुखरूप राहिलं, पण नाव निवडताना आपण कुठल्या सरकारच्या अंगणात उभे आहोत हे तुझ्या पिढीला बघावंसंही वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

"मग मंडळाचं स्वतःचं छोटं डोमेन घेऊ, सर." हे तुझं दुसरं उत्तर, आणि ते पहिल्यापेक्षा बरं आहे. पण दरवर्षी त्याचे पैसे कोण भरणार? तू? तू उद्या बंगळुरूला गेलास की? डोमेनची मुदत संपली की ते कुणीही विकत घेतं, आणि अशा उरलेल्या नावांवर पुष्कळदा जुगाराची पानं लागतात. मग दहा वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाच्या फोटोंची लिंक दाबली की रमीचा डाव उघडणार. एक डोमेन सांभाळताना खजिनदारांना दरसाल तीनदा आठवण द्यावी लागते. दोन घेतलीस तर मी त्यांच्या तब्येतीची जबाबदारी घेणार नाही.

आता बटणांकडे येतो. ती तू कुठून आणलीस? कुठल्याशा सेवेच्या पानावरून चार ओळी उचलल्यास आणि चिकटवल्यास. त्या चार ओळी काय करतात, वाचलंस? पान उघडताक्षणी, कुणी बटणाला हात लावायच्या आधी, वाचकाचा ब्राउझर त्या परक्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो. कुठलं पान, कुठल्या जोडणीवरून, आधीची कुकी असली तर कोण माणूस, सगळं पोचतं. ॲडधिस नावाची अशीच बटणं जगभर लाखो संकेतस्थळांवर होती. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ती बटणं ब्राउझरकडून गुपचूप एक चित्र काढून घेतात आणि त्या चित्रातल्या बारीक फरकांवरून वाचक ओळखतात. कुकी पुसली तरी ओळख पुसत नाही. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरही ती होती. पुढे ओरॅकलने कंपनी विकत घेतली आणि ३१ मे २०२३ ला बटणं बंद करून टाकली. इतक्या वर्षांत गोळा केलं ते केलं.

युरोपातल्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ ला एका जर्मन कपडेविक्रेत्याच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की फेसबुकचं 'लाइक' बटण तुम्ही आपल्या पानावर लावलंत तर वाचकाची माहिती गोळा होऊन तिकडे जाते, त्याला तुम्हीही जबाबदार आहात. बटण त्यांचं, हे उत्तर चालणार नाही. तो कायदा इथला नव्हे, मला ठाऊक आहे, तोंड उघडू नकोस. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण कायदा नसता तरी काय? मंडळाच्या पानावर येणारा माणूस मंडळाचा पाहुणा, की कुणा जाहिरात कंपनीचा?

आणि तीच बटणं तू वधू-वर सूचक केंद्राच्या पानावर लावलीस! तिथे येणारं प्रत्येक घर आपली काळजी घेऊन येतं. कुणाची मुलगी घटस्फोटित, कुणाच्या मुलाचं वय उलटून चाललेलं, कुणी शेजाऱ्यालाही कळू न देता पान उघडतं. त्या पानावर परकी बटणं लावताना हात थरथरला नाही तुझा?

थांब, ते अजून संपलेलं नाही. स्थळांची यादी तू गूगल शीटमध्ये ठेवलीस, जन्मतारखा, पगार, मोबाइल क्रमांक, सगळं. 'लिंक असेल त्याला दिसेल' अशी सेटिंग ठेवलीस, आणि त्या लिंकचं केलंस काय, तर मंडळाचं नाव, पुढे 'वधू', पुढे साल. लक्षात राहायला सोपं म्हणून! अरे, लक्षात राहायला सोपं ते ओळखायलाही सोपं. २०१६ मध्ये मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकचे विताली श्मातिकोव्ह या दोघांनी छोट्या लिंका यंत्राने एकामागून एक करून पाहिल्या. नकाशाच्या गूगल लिंकमागे पाचच अक्षरं होती. लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, पाच जागा, म्हणजे सगळे मिळून ९१ कोटी ६१ लाख प्रकार. तुला हा आकडा मोठा वाटेल, यंत्राला वाटत नाही. लोकांच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचे रस्ते त्यांना दिसले, वनड्राइव्हवरच्या खासगी फायली उघडल्या, काहींत तर बाहेरच्याला लिहिताही येत होतं. ते कळल्यावर गूगलने अक्षरं अकरा-बारापर्यंत वाढवली. आणि ती अक्षरं निदान अर्थहीन, वेडीवाकडी होती! तुझ्या लिंकला यंत्रही नको. मागच्या वर्षीची लिंक माहीत असलेला कुठलाही टवाळ साल बदलून बघेल. तुझ्या बहिणीचं स्थळ त्या यादीत असतं तर असंच केलं असतंस?

उत्तर नको आहे मला. घरी जाशील तेव्हा जेवणाआधी ती शीट बंद कर. नावं दिलेल्या पालकांपुरती, त्यांच्या त्यांच्या ई-मेलला परवानगी देऊन उघडी ठेव. काहींकडे ई-मेल नसेल तर त्या पालकांना छापील यादी कार्यालयात हाती देता येते. आजवर तसंच चालत होतं आणि लग्नं होतच होती.

बटणं काढ म्हणत नाही मी. ठेव. पण परक्या ओळी उपटून टाक आणि साधे दुवे लाव, ज्यांत दाबेपर्यंत काहीही बाहेर जात नाही. मोबाइलच्या ब्राउझरला आता स्वतःचीच वाटपाची सोय असते. एक बटण पुरतं, ते दाबलं की वाचकाच्या फोनमधली यादी उघडते आणि तो त्याला हवं तिथे पाठवतो. जर्मनीतल्या हाइजे या तंत्रविषयक प्रकाशनाने २०११ मध्येच युक्ती काढली होती, की बटण आधी निर्जीव असतं आणि वाचकाने एकदा दाबलं तरच जागं होतं. म्हणजे तू पहिला नाहीस आणि अडाणी राहायला तुला काही सबबही नाही. त्या बटणातून लेखाचा खरा पत्ता जाऊ दे, मंडळाच्या डोमेनसकट, उघड्या चेहऱ्याने.

छोटी लिंक लागेल तिथे जरूर कर: छापील निमंत्रणावर, फलकावर, जिथे माणूस हाताने टाइप करणार आहे तिथे. पण ती मंडळाच्याच डोमेनवर, तिरकी रेघ आणि पुढे एक शब्द. सर्व्हरवर एका ओळीचं काम आहे. पुढे कधी संकेतस्थळाची मांडणी बदललीस तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, ते ३०१ क्रमांकाचं, लावून मगच झोप.

आणि स्मरणिका. तिच्या मलपृष्ठावर तू क्यूआर छापला आहेस, त्याच्या पोटात तीच परकी लिंक आहे, आणि प्रती घरोघर गेल्या. कागदावरचं आता बदलता येत नाही. म्हणून ते फुकटचं खातं तुला बंद करता येणार नाही, तेवढ्या एका लिंकसाठी चालूच ठेवावं लागेल. ते खातं तुझ्या खासगी ई-मेलवर आहे असं मी ऐकतो. मंडळाच्या ई-मेलवर उतरव, पासवर्ड बंद पाकिटात घालून सचिवांच्या कपाटात ठेव, आणि वार्षिक तपासणीच्या यादीत 'स्मरणिकेचा क्यूआर उघडून पाहणे' अशी ओळ तुझ्या अक्षरात लिही. वाचता येईल अशा अक्षरात.